तीन वाजण्यापूर्वीचा बाजार

शनिवारची दुपार. लंडनच्या पटनी ब्रिज स्थानकातून बाहेर पडणारी माणसे कोणालाही वाट न विचारता एकाच दिशेने चालू लागतात. थेम्स नदीच्या काठाने, बिशप्स पार्कमधील उंच झाडांखालून हा प्रवाह पुढे सरकतो. त्यात आजोबांचे बोट धरलेली नातवंडे असतात, गळ्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मफलर गुंडाळलेली प्रौढ माणसे असतात आणि क्वचित एखादे भारतीय कुटुंबही असते. बाग संपते तेथे क्रेव्हन कॉटेज हे फुलहॅम क्लबचे मैदान लागते. क्लब येथे १८९६ पासून नांदत आहे. रस्त्याच्या एका बाजूस राहती घरे आणि दुसऱ्या बाजूस आर्चिबाल्ड लीच या स्कॉटिश अभियंत्याने १९०५ मध्ये उभारलेल्या प्रेक्षागाराची विटांची भिंत, अशी ही जागा आहे. या भिंतीपाशी, खांद्याला पिशवी अडकवून, एक विक्रेता उभा असतो. त्याच्या हातात त्या दिवसाच्या सामन्याची पुस्तिका असते. ‘प्रोग्रॅम, प्रोग्रॅम!’ एवढाच त्याचा पुकारा. सामना तीन वाजता सुरू व्हायचा असतो आणि त्याचा सारा व्यापार त्याआधीच्या दीड-दोन तासांत आटोपायचा असतो.

पिढ्यान्‌पिढ्या पेढीवर बसलेल्या कुटुंबांना या विक्रेत्याची अडचण लगेच उमगेल. कापड आज विकले गेले नाही तर उद्या विकता येते. धान्य कोठारात ठेवता येते, सोने तिजोरीत ठेवता येते. या पुस्तिकेवर मात्र आजची तारीख आणि आजचा प्रतिस्पर्धी छापलेला असतो. पाच वाजता सामना संपला की तिच्यातील नावे, अंदाज, स्वागतपर मजकूर हे सारे शिळे होते. सकाळी जो माल असतो, तो सायंकाळी रद्दी होतो. इतके अल्पायुषी उत्पादन विकणारा हा बाजार इंग्लंडमध्ये सुमारे एकशे चाळीस वर्षे चालत आला आहे आणि आता तो मिटण्याच्या वाटेवर आहे. तो जाण्याने नेमके काय गमावले जाईल, हे त्याच्या हिशेबाच्या वहीतून पाहण्यासारखे आहे.

शनिवारी दुपारी तीन ही वेळही व्यवहारातूनच आली. १८५० च्या कारखानाविषयक कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवले आणि कालांतराने शनिवारची अर्धी सुटी सर्वत्र रूढ झाली. गिरणीचा भोंगा झाल्यावर घरी जाऊन जेवावे आणि तीनपर्यंत मैदान गाठावे, असा कामगारांचा क्रम बसला. १८८८ मध्ये बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग स्थापन केली, तेव्हा हजारोंनी येणाऱ्या या प्रेक्षकांना एका साध्या प्रश्नाचे उत्तर हवे होते : मैदानातील कोणता गडी कोण? त्या काळी खेळाडूंच्या पाठीवर आकडे नसत. लीगच्या सामन्यांत ते १९३९ मध्ये सक्तीचे झाले. म्हणून आरंभी एक साधे कार्ड किंवा घडीचा कागद छापला जाई. त्यावर दोन्ही संघांची नावे मैदानातील जागांप्रमाणे मांडलेली असत आणि उरलेल्या जागेत शिंपी, टोपीवाले व मद्यालये यांच्या जाहिराती असत. छपाईचा खर्च जाहिरातदारावर टाकून वाचकाकडून पेनी घ्यायची, हे गणित पहिल्या दिवसापासून असेच होते.

या कार्डांपैकी फारच थोडी टिकली. १८८२ मध्ये ओल्ड इटोनियन्स आणि ब्लॅकबर्न रोव्हर्स यांच्यात एफ. ए. कपचा अंतिम सामना झाला. तो लंडनच्या ओव्हल मैदानावर खेळला गेला. पुढे १९७१ मध्ये अजित वाडेकर यांच्या संघाने इंग्लंडच्या भूमीवरील भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला तेच हे मैदान. त्या १८८२ च्या सामन्याचा एकच कागद, कपच्या अंतिम सामन्याचा ज्ञात असलेला सर्वांत जुना प्रोग्रॅम म्हणून, २०१३ मध्ये लंडनमधील लिलावात ३५,२५० पौंडांना विकला गेला. त्या दिवशी तो घडी करून खिशात घालणाऱ्या आणि घरी जपून ठेवणाऱ्या माणसाच्या मनात गुंतवणुकीचा विचार असण्याचा संभव नाही. बाकीच्यांनी आपापले कागद फेकून दिले, म्हणूनच या एका कागदाला एवढे मोल आले.

कागदाची घडी हळूहळू पुस्तिका झाली. व्यवस्थापकाचे मनोगत, पाहुण्या संघाचा परिचय, मागील सामन्यांचे निकाल, पुढील सामन्यांच्या तारखा, राखीव संघाचे वृत्त अशी तिची रचना ठरून गेली. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली तेव्हा ती पुन्हा एका पानावर आली, पण बंद पडली नाही. युद्धानंतर ती पुन्हा पुष्ट झाली. जुन्या पुस्तिकांवर किंमत तीन, चार किंवा सहा पेन्स अशी छापलेली दिसते. तेव्हा बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड, म्हणजे एका पौंडाचे दोनशे चाळीस पेन्स होत. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ रोजी रुपया-आणे-पै जाऊन नवे पैसे आले. इंग्लंडमध्ये हाच बदल १५ फेब्रुवारी १९७१ रोजी झाला. दुकानातील वृद्ध मुनीम कित्येक वर्षे मनातल्या मनात आण्यांतच हिशेब करीत असत. तेथील प्रेक्षकांचीही काही काळ तशीच अवस्था झाली. आज मोठ्या क्लबची पुस्तिका साधारणपणे साडेतीन ते चार पौंडांना मिळते. चार पौंड म्हणजे जुन्या सहा पेन्सच्या एकशे साठ पट. अर्थात या काळात वेतनेही वाढली आणि पाने व छपाईही सुधारली. पण चार रंगी पानांचा कागद वाढला म्हणून वाचक वाढला, असे मात्र झाले नाही.

वाचकाला पुस्तिकेशी बांधून ठेवण्यासाठी क्लबांनी ज्या युक्त्या योजल्या, त्या कोणत्याही व्यापाऱ्याने दाद द्यावी अशा होत्या. ट्रान्झिस्टर खिशात येण्यापूर्वी अन्य गावांतील सामन्यांचे मध्यंतराचे गुण प्रेक्षकांना कळावेत म्हणून मैदानाच्या कडेला एक फलक असे. त्यावर संघांची नावे नसत. केवळ ए, बी, सी अशी अक्षरे आणि त्यांच्यापुढे अडकवलेले आकडे असत. कोणते अक्षर कोणत्या सामन्याचे, हे फक्त पुस्तिकेत छापलेले असे. ज्याने ती विकत घेतली नाही, त्याने फलकाकडे पाहून काही उपयोग नाही. त्याला शेजाऱ्याच्या पुस्तिकेत डोकवावे लागे. माहिती सर्वांसमोर उघडी ठेवून तिची किल्ली मात्र विकायची, ही कल्पना आजच्या संगणकयुगातील मंडळींना नवी वाटत असली तरी ती या लाकडी फलकांइतकी जुनी आहे.

दुसरी युक्ती कुपनांची. पुस्तिकेच्या एका कोपऱ्यात एक छोटे कुपन छापलेले असे. वर्षभर ती कुपने कापून एका तक्त्यावर चिकटवायची. संघ कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि तिकिटांची मागणी अफाट झाली की ज्याच्या तक्त्यावर अधिक कुपने, त्याला आधी तिकीट. मँचेस्टर युनायटेडसह अनेक क्लबांनी ही पद्धत वापरली. पावसात, थंडीत, हरणाऱ्या संघाच्या सामन्यालाही जो आला, त्याच्या निष्ठेची ही नोंद होती. आजच्या संग्राहकांच्या दृष्टीने मात्र कुपन कापलेली पुस्तिका सदोष ठरते आणि तिची किंमत घटते. निष्ठावंताची प्रत स्वस्त झाली आणि ज्याने ती न वापरता ठेवली त्याची महाग झाली, असा हा विचित्र न्याय आहे.

लंडनहून उत्तरेस लिव्हरपूलला गेले की व्यवहारचातुर्याचे आणखी एक उदाहरण भेटते. एव्हर्टन आणि लिव्हरपूल हे या शहरातील दोन प्रतिस्पर्धी क्लब. गुडिसन पार्क आणि ॲनफिल्ड या त्यांच्या मैदानांच्या मध्ये स्टॅनले पार्क ही बाग आहे आणि अंतर मैलभराहूनही कमी. मैदानावरील वैर जगप्रसिद्ध आहे. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभापासून सुमारे तीन दशके या दोघांनी मिळून एकच पुस्तिका काढली! एका शनिवारी एकाचा मुख्य संघ घरच्या मैदानावर खेळे, तेव्हा दुसऱ्याचा मुख्य संघ बाहेरगावी असे आणि त्याचा राखीव संघ घरी खेळे. मग दोन छपाया कशाला? एकाच पुस्तिकेत दोन्ही सामन्यांचे संघ दिले जात. स्पर्धा दुकानाच्या दर्शनी भागात ठेवावी आणि वाहतुकीचा खर्च शेजाऱ्याशी वाटून घ्यावा, हे बाजारपेठेतील शहाणपण यांनाही ठाऊक होते.

गुडिसन पार्कच्या एका कोपऱ्याला सेंट ल्यूक हे चर्च जवळजवळ चिकटूनच उभे आहे. प्रेक्षागारे वाढत गेली, पण चर्च हलले नाही आणि मैदानानेच आपला कोपरा आवरता घेतला. १८९२ पासून चालत आलेले हे मैदान एव्हर्टनच्या पुरुष संघाने १८ मे २०२५ रोजी साउदॅम्प्टनविरुद्धच्या लीगमधील सामन्यानंतर सोडले आणि संघ मर्सी नदीकाठच्या ब्रॅम्ली-मूर गोदीवरील नव्या वास्तूत गेला. मैदान महिला संघासाठी राहिले. पुस्तिकांच्या जुन्या चवडीवर मात्र एकशे तेहतीस वर्षांचे एक खाते आता बंद झाल्याची नोंद पडली आहे.

तेथून पूर्वेस मँचेस्टर. ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला आता सर मॅट बझ्बी यांचे नाव आहे. सामन्याच्या दिवशी या रस्त्यावर मफलर, बिल्ले, चाहत्यांनी स्वतः छापलेली नियतकालिके आणि ‘युनायटेड रिव्ह्यू’ ही अधिकृत पुस्तिका विकणाऱ्यांची गर्दी असते. मैदानाच्या भिंतीवर एक घड्याळ आहे. त्यावर ‘६ फेब्रुवारी १९५८’ ही तारीख आणि ‘म्युनिक’ हा शब्द आहे.

त्या दिवशी बेलग्रेडहून परतणाऱ्या संघाचे विमान म्युनिकच्या बर्फाळ धावपट्टीवर कोसळले. तेवीस जण मृत्युमुखी पडले. त्यांत आठ खेळाडू होते. व्यवस्थापक बझ्बी रुग्णालयात मृत्यूशी झुंजत होते. दोनच दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सशी ओल्ड ट्रॅफर्डवर सामना व्हायचा होता. त्याची पुस्तिका आधीच छापून झाली होती. तीत जी नावे होती, त्यांतील कित्येक माणसे आता नव्हती. सामना रद्द झाला आणि तो सारा साठा नष्ट करण्यात आला. तरीही काही मोजक्या प्रती वाचल्या. आज त्या या छंदातील अत्यंत दुर्मीळ प्रतींमध्ये गणल्या जातात.

पुढचा सामना १९ फेब्रुवारी रोजी शेफील्ड वेन्सडेशी झाला. साहाय्यक व्यवस्थापक जिमी मर्फी वेल्सच्या संघाच्या कामासाठी मागे राहिल्याने त्या विमानात नव्हते. त्यांनी हाती लागेल तो गडी घेऊन संघ जुळवायला सुरुवात केली. पुस्तिका छापायला देण्याची वेळ आली तेव्हा कोण खेळणार हे त्यांनाही सांगता येत नव्हते. मुद्रकाने शेफील्डच्या बाजूस नेहमीप्रमाणे अकरा नावे जुळवली. युनायटेडच्या बाजूस त्याने अकरा जागा मोकळ्या ठेवल्या. मुखपृष्ठावर अध्यक्षांनी संघ पुढे चालतच राहील असा विश्वास दिला होता आणि आत ती रिकामी जागा होती. स्टॅन क्राउदर या खेळाडूच्या करारावर तर सामन्यापूर्वी जेमतेम तासभर आधी सही झाली. अपघातातून वाचलेले हॅरी ग्रेग आणि बिल फोल्क्स हे दोघेच जुन्या संघातून मैदानात उतरले. ध्वनिक्षेपकावरून नावे सांगितली गेली तशी अनेकांनी ती पेन्सिलीने त्या मोकळ्या जागांत लिहून घेतली. त्या रात्री युनायटेडने ३-० असा विजय मिळवला.

व्यापारी कुटुंबात जमाखर्चाच्या वहीतील कोरी जागा अशुभ मानली जाते. जेथे नोंद राहून जाते, तेथे शंका शिरते. त्या बुधवारी मात्र कोऱ्या जागेने जे सांगितले, ते कोणत्याही छापील शब्दाला सांगता आले नसते. आज त्या पुस्तिकेच्या दोन प्रकारच्या प्रती बाजारात येतात. काहींतील जागा अजून कोऱ्या आहेत, काहींत कोणा अनोळखी हाताने अकरा नावे लिहिली आहेत. संग्राहकांचा नियम असा की पुस्तिकेवर लिहिलेले असले की किंमत उतरते. नियम व्यवहाराला धरून असेल, पण त्या सामन्याचा खरा साक्षीदार कोण, याचे उत्तर बाजारभावात सापडत नाही.

येथेच या छंदाचा एक अवघड प्रश्न उभा राहतो. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्या सामन्यात चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूलच्या सत्त्याण्णव चाहत्यांचा बळी गेला. त्या दिवसाची पुस्तिकाही छापलेली होती, विकली गेली होती. तिचा व्यापार करावा काय? कायदा आडवा येत नाही, मागणीही असते. पण आपल्या बाजारपेठांत वाडवडिलांनी घालून दिलेला एक दंडक आहे. ज्या घरात मृत्यू झाला, त्या घराच्या अडलेपणावर नफा कमवू नये. एखाद्या कुटुंबाने ती पुस्तिका आपल्या माणसाची आठवण म्हणून जपली, तर ती पवित्र वस्तू होते. अनोळखी माणसाने ती भाव वाढण्याची वाट पाहत दडवली, तर तोच कागद ओझे होतो. वस्तूची किंमत बाजार ठरवतो. ती विकावी की न विकावी, हे मात्र विकणाऱ्यालाच ठरवावे लागते.

मँचेस्टरहून ट्रामने उत्तरेकडे अर्ध्या तासावर बेरी हे गाव आहे. त्याची बाजारपेठ जुनी आणि प्रसिद्ध. गावाचा क्लब १८८५ मध्ये स्थापन झाला, १८९४ मध्ये लीगमध्ये आला आणि १९०० व १९०३ मध्ये त्याने एफ. ए. कप जिंकला. १९०३ च्या अंतिम सामन्यातील ६-० हा फरक आजवर कोणालाही ओलांडता आलेला नाही. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याची बरोबरी मात्र केली. त्याच २०१९ मध्ये थकलेली देणी आणि ती फेडण्याची खात्री देता न आल्यामुळे २७ ऑगस्ट रोजी बेरीला लीगमधून काढून टाकण्यात आले. एकशे पंचवीस वर्षांचे सभासदत्व एका सायंकाळी संपले. पेढी बुडते तेव्हा मालकाइतकाच, किंबहुना अधिक, फटका तिच्यावर विसंबलेल्या गावाला बसतो. त्या मोसमातील घरचे सामने झालेच नाहीत. त्या वर्षांची जागा चाहत्यांच्या कपाटातील रांगेत रिकामी आहे. पुढे गावकऱ्यांनी हार मानली नाही. २०२३ मध्ये गिग लेन या जुन्याच मैदानावर, खालच्या पायरीवरील लीगमध्ये, बेरीच्या नावाने पुन्हा सामने सुरू झाले.

मग हा बाजार मिटतो आहे तो कशाने? उत्तर हिशेबातच आहे. संघांची अखेरची नावे सामन्याच्या तासभर आधी मोबाइलवर येतात. आकडेवारी, मुलाखती, छायाचित्रे सारे विनामूल्य मिळते. पुस्तिका मात्र काही दिवस आधी छापावी लागते आणि किती छापावी हा अंदाज असतो. पाऊस लागला, प्रतिस्पर्धी लहान असला, दूरचित्रवाणीसाठी सामन्याचा वार बदलला की अंदाज चुकतो आणि गठ्ठे उरतात. मैदान पाण्याखाली जाऊन सामना पुढे ढकलला गेला तर सारीच छपाई अंगावर पडते. लीगचे नियम पूर्वी प्रत्येक क्लबला पुस्तिका काढण्यास बांधून ठेवीत. प्रीमियर लीगच्या खालच्या तीन श्रेणींतील बहात्तर क्लबांनी २०१८ मध्ये मतदान करून ही सक्ती काढून टाकली. काहींनी पुस्तिका बंद केली, काहींनी ती पडद्यावर नेली, काहींनी पानांची संख्या घटवली. बॅलन्स शीट पाहणाऱ्याला या निर्णयात दोष काढता येणार नाही.

तरीही एक गोष्ट त्या हिशेबात बसत नाही. २०२० मध्ये महामारीमुळे सामने रिकाम्या मैदानांत खेळले गेले. प्रेक्षक नाही, विक्रेता नाही, भिंतीपाशी पुकारा नाही. तरीही अनेक क्लबांनी पुस्तिका छापल्या आणि लोकांनी त्या टपालाने मागवल्या. ज्या सामन्याला आपण गेलोच नाही, त्याची पुस्तिका चार पौंड आणि टपालखर्च देऊन घेणारा ग्राहक माहिती विकत घेत नव्हता. पन्नास वर्षांची रांग खंडित होऊ नये, एवढीच त्याची इच्छा होती. दिवाळीच्या मुहूर्तावर नवी वही आणणारे कुटुंब संगणकावर हिशेब ठेवत असले तरी लाल कापडाच्या वहीचे पहिले पान लिहिल्याशिवाय राहत नाही. त्याची भावना वेगळी नसते.

ज्यांची मुले-नातवंडे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी इंग्लंडला असतात आणि ज्यांचे तेथे जाणे होते, त्यांनी हा अनुभव जरूर घ्यावा. मोठ्या क्लबचे तिकीट महाग असते आणि सहज मिळत नाही. पुस्तिका मात्र बहुतेक ठिकाणी मैदानाबाहेरच मिळते. त्यासाठी दीड-दोनच्या सुमारास पोहोचावे. अनेक क्लबांनी रोख व्यवहार बंद केला असल्याने कार्ड जवळ असावे. मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत, म्हणून पुस्तिका दुमडू नये यासाठी पुठ्ठ्याचा एक पातळ फोल्डर पुरेसा होतो. जुन्या प्रती विकणाऱ्या टपऱ्या व टेबले काही मैदानांपाशी आढळतात. तेथे पिना गंजल्या आहेत काय, कुपन कापले आहे काय, मधले पान शाबूत आहे काय, हे पाहावे. १९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची पुस्तिका स्वस्तात मिळत असेल, तर ती बहुधा नंतर काढलेली पुनर्मुद्रित प्रत असते. मूळ मालाची पारख असल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नये, हा नियम सराफ्यात आणि येथे सारखाच आहे.

शाकाहारी प्रवाशांना मैदानाबाहेरचा खाद्यपदार्थांचा वास सहन करावा लागतो. बटाट्याच्या चिप्स घेतानाही त्या कोणत्या तेलात तळल्या हे विचारून घेणे बरे. या बाबतीत ग्लॉस्टरशरमधील नेल्सवर्थ या टेकडीवरील छोट्या गावाने नवल घडवले आहे. तेथील फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स या १८८९ मध्ये स्थापन झालेल्या क्लबने २०१५ पासून मैदानावर केवळ वनस्पतिजन्य अन्न ठेवले आहे. खेळाडू, पाहुणे, प्रेक्षक सर्वांना तेच. आरंभी चेष्टा झाली. पण २०१७ मध्ये हाच क्लब प्रथमच फुटबॉल लीगमध्ये चढला. २०२४ मध्ये तो पुन्हा खाली आला, तरी स्वयंपाकघराचा नियम बदलला नाही. लहान मैदानांवर पुस्तिकेचे पैसे थेट क्लबच्या चरितार्थाला लागतात आणि विकणारा बहुधा स्वयंसेवकच असतो. म्हणून तेथील दोन-तीन पौंडांची खरेदी ही थोडीशी देणगीही असते.

सामना सुरू होतो. पुस्तिका मांडीवर असते. पहिला गोल होतो तेव्हा कोणी आजोबा खिशातून पेन काढून नावापुढे मिनिट लिहितात. बदली खेळाडू आला की एक नाव खोडून दुसरे लिहितात. १९६५ पूर्वी लीगमध्ये बदली खेळाडूच नसे, त्यामुळे जुन्या पुस्तिकांत खाडाखोडही कमी असते. शेजारी बसलेली नात विचारते, ‘यावर लिहिले तर ती खराब नाही का होणार?’ विक्रीच्या दृष्टीने तिचे म्हणणे अगदी बरोबर असते. आजोबा पेन तिच्या हाती देतात आणि पुढचा गोल तिला लिहायला सांगतात.

पाच वाजता गर्दी पुन्हा बागेतून स्थानकाकडे वळते. भिंतीपाशी विक्रेता उरलेल्या प्रती मोजतो, पिशवीत भरतो आणि विकलेल्या प्रतींचा हिशेब द्यायला निघतो. त्याच्या पिशवीतील प्रतींवर काहीही लिहिलेले नाही. त्या अगदी कोऱ्या आणि निर्दोष आहेत, आणि त्या दिवसापुरती तरी त्यांना काहीच किंमत उरलेली नाही.